मीटर मोजा, घरात डोकावू नका

दादा, इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं की क्रिप्टोचं मायनिंग, म्हणजे यंत्रं रात्रंदिवस गणितं करून बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी मिळवतात ते, चीनला आवरलं नाही, तर आपल्या सरकारला काय आवरणार. आणि मी नियंत्रण मागतो म्हणजे सरकारला लोकांच्या घरात शिरायची वाट दाखवतो. हा दुसरा आरोप मला जास्त लागला.

चीनचं आधी. 2021 मध्ये बंदी आली तेव्हा जगातलं निम्म्याच्या आसपास बिटकॉइन मायनिंग तिथे होतं. मोठी केंद्रं बंद पडली, यंत्रं कझाकस्तान-अमेरिकेत गेली. पुढे केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजात चीनचा वाटा पुन्हा पाचव्या हिश्शाच्या आसपास दिसला. म्हणजे चोरून चालणारं राहिलं, उघड चालणारं गेलं. मोठ्या केंद्राची वीज लपवणं सोपं नसतं. एक एसिक, म्हणजे फक्त मायनिंगसाठी बनवलेलं यंत्र, सव्वातीन किलोवॅट घेतं, दिवसाला 78 युनिट, रात्रंदिवस. शंभर केव्हीएची डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, भरायला अशी तीस यंत्रं पुरे. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलचा केळीवाला रात्रीची लाइट आली की मोटर चालू करायला शेतात जातो. यंत्रांच्या भाराने डीपी जळाली तर त्याचा बाग मे महिन्यात किती दिवस तग धरेल?

आता खासगीपणा. बिटकॉइनची व्यवहारांची वही सगळ्या जगाला उघडी असते, पत्त्यामागचं नाव तेवढं झाकलेलं. रुपये करायला आपल्याकडच्या एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोच्या बाजारावर, गेलात की पॅन द्यावाच लागतो. मोनेरो या दुसऱ्या नाण्याचं तसं नाही. देणारा, घेणारा, रक्कम, सगळं झाकलेलं, आणि मायनिंग साध्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर होतं. जळगावच्या उन्हाळ्यात घरचा कूलर जेवढी वीज घेतो तेवढ्यात ते भागतं. ते पकडायचं तर घराघरातले कॉम्प्युटर तपासावे लागतील, आणि त्याला माझा तुमच्याइतकाच विरोध आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टास्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तो इथे कामाला आलाच पाहिजे. स्मार्ट मीटरच्या नोंदीवरून घर कधी उठतं, कधी कुलूप असतं, सगळं कळतं. ती नोंद बिलापुरतीच वापरावी. पोलिसांना हवी असेल तर त्यांनी न्यायालयाचा आदेश आणावा.

मला हवं ते नियंत्रण एवढंच: मायनिंगच्या मोठ्या वीजजोडणीची नोंदणी, तिला वेगळा दर, आणि टंचाईत पहिली कपात तिची. इराणने 2019 मध्ये परवाने दिले आणि 2021 च्या उन्हाळ्यात मायनिंग काही महिने थांबवलं. आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर 2022 पासून 30 टक्के कर आहेच.

तुम्ही म्हणता यातलं काहीच नको. मग जळालेल्या डीपीचा आणि वाळलेल्या बागेचा खर्च कुणी द्यायचा, तेवढं लिहा.