साबणाच्या वडीवरचे नाव

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर तीन दिवस वाद चालला. माण तालुक्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत एका साबण कंपनीने हात धुण्याचा कार्यक्रम घेण्याची तयारी दाखवली होती. तीन आठवडे मुलांकडून जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुऊन घ्यायचे, चित्रांच्या पुस्तिका वाटायच्या, वर्षभराचा साबण पुरवायचा आणि त्या बदल्यात नळांवरच्या भिंतीवर कंपनीचे नाव व साबणाचे चित्र रंगवायचे, असा तो प्रस्ताव होता. शाळा व्यवस्थापन समितीने तो नाकारला आणि गटावर या नकाराचे जोरदार स्वागत झाले. शाळेचा बाजार होऊ देणार नाही, गाडगेबाबांच्या महाराष्ट्राला स्वच्छता शिकवायला कंपनी कशाला हवी, असे पुण्याहून आणि ठाण्याहून लिहिले गेले. मी नैरोबीहून एवढेच विचारले की, मग यंदा मुलांच्या हाताला साबण कोण लावणार? त्यावर माझ्याच बाकावर बसणाऱ्या मित्राचे उत्तर आले, "तू तिकडे आफ्रिकेत बसून आम्हाला शहाणपण शिकवू नकोस."

त्या वाक्याचा राग अजून उतरलेला नाही. त्यातल्या 'तिकडे आफ्रिकेत' या दोन शब्दांचा अधिक आहे, कारण हात धुण्याच्या बाबतीत ज्यांच्याकडून मी शिकलो ते लोक इथलेच आहेत.

दुपारी मी कचेरीजवळच्या किबांडात, म्हणजे रस्त्याकडेच्या छोट्या खानावळीत, जेवतो. दाराशी नळ बसवलेले प्लास्टिकचे पिंप असते, शेजारी पातळ साबणाची बाटली असते, आणि मटाटूचा, म्हणजे इथल्या खासगी मिनीबसचा, कंडक्टर असो की बँकेतला अधिकारी, हात धुतल्याशिवाय कोणी मक्याच्या पिठाच्या उगालीला बोट लावत नाही. एखादा नुसते पाणी ओतून पुढे सरकला, तर चुलीजवळची मामा (स्वयंपाक करणाऱ्या बाईला इथे असेच म्हणतात) तिथूनच 'साबुनी!' म्हणून ओरडते. सातारा स्टँडच्या आसपास मी जितक्या खानावळींत जेवलो, तिथे बेसिन होते, कधी पाणीही होते, पण साबण म्हणजे फार तर तारेला अडकवलेला, तडे गेलेला एक तुकडा. त्या तुकड्याला हात लावावासा वाटत नसे आणि तसे न वाटण्यात आपले काही चुकते आहे असेही वाटत नसे.

ज्या कल्पनेवरून आमच्या गटावर एवढे रण माजले, ती जगभर ठामपणे मांडणाऱ्या मिरियम सिडिबे याच नैरोबीत राहून काम करत आल्या आहेत. त्या मूळच्या माली देशाच्या. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेतून त्यांनी साबणाने हात धुण्याच्या विषयावरच डॉक्टरेट घेतली आणि नंतर कोणा आंतरराष्ट्रीय संस्थेत न जाता त्या युनिलिव्हरमध्ये, लाइफबॉयच्या कामासाठी गेल्या. 15 ऑक्टोबरला पाळल्या जाणाऱ्या जागतिक हात धुणे दिनाच्या 2008 मधील उभारणीत त्यांचा पुढाकार होता. 2020 च्या मार्चमध्ये केनियात करोनाचा पहिला रुग्ण सापडल्यानंतर इथल्या उद्योगांनी एकत्र येऊन हात धुण्याची सोय आणि प्रचार यांचे काम उचलले, त्यातही त्या पुढे होत्या. एका सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकाने साबण विकणाऱ्या कंपनीत जाणे हे आमच्या गटाच्या भाषेत विकले जाणे ठरेल. मला ते एका साध्या हिशेबातून आलेले पाऊल वाटते. सरकारची मोहीम पंधरवड्याची असते, संशोधनाचा निधी दोन-तीन वर्षांत संपतो, पण कंपनीला तीच वडी पुढच्या महिन्यातही विकायची असते, आणि सवय नावाची गोष्ट त्या पुढच्या महिन्यातच टिकते किंवा मोडते.

साबणाने हात धुणे ही किरकोळ बाब आहे असे मानणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. व्हॅलरी कर्टिस आणि सँडी केर्नक्रॉस यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2003 मध्ये घेतला, त्यात साबणाने हात धुतल्यास अतिसाराचा धोका 42 ते 47 टक्क्यांनी कमी होतो असे दिसले. दुसरी गोष्ट थेट आपल्या मुंबईची आहे. 2007-08 मध्ये मुंबईच्या कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत पाच वर्षांच्या मुलांच्या घरी साबण देऊन आणि सवय लावून जो अभ्यास झाला, त्यात त्या मुलांमध्ये अतिसाराचे प्रमाण सुमारे 25 टक्क्यांनी घटले, डोळे येण्याचे सुमारे 46 टक्क्यांनी, आणि शाळा बुडण्याचे सुमारे 27 टक्क्यांनी. या अभ्यासाला पैसा युनिलिव्हरचा होता, हे सांगितलेच पाहिजे आणि त्यामुळे आकड्यांकडे डोळसपणे पाहिलेही पाहिजे. पण शाळा बुडण्याचा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला, कारण आमच्या वर्गाच्या हजेरीपटावर पावसाळ्यात रिकामी राहणारी नावे मला अजून आठवतात.

विरोध करणाऱ्यांची बाजू मला कळत नाही असे कोणी समजू नये. अशा प्रकारचा वाद केरळने 2002 च्या सुमारास घातला होता. जागतिक बँक आणि साबण कंपन्या यांच्या भागीदारीतून तिथे हात धुण्याची मोहीम यायची होती, आणि देशात आरोग्याच्या बाबतीत सर्वांत पुढे असलेल्या राज्याला बहुराष्ट्रीय कंपन्यांनी स्वच्छता शिकवावी याचा तिथल्या लोकांना अपमान वाटला. केरळचा तो अभिमान कमावलेला होता. शाळा, दवाखाने, आईचे शिक्षण या सगळ्यांवर त्या राज्याने कित्येक दशके खर्च केला होता. माणमधल्या शाळेने तोच अभिमान मिरवण्याआधी आपल्या तीन नळांपैकी किती चालू आहेत हे मोजायला हवे होते.

कंपनीवर विसंबू नका म्हणणाऱ्यांना मी आणखी दारूगोळा पुरवू शकतो. याच युनिलिव्हरच्या भारतीय कंपनीचा कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना पाऱ्याच्या प्रदूषणामुळे 2001 मध्ये बंद झाला. याच कंपनीने गोरेपणाचे मलम दशकानुदशके विकून 2020 मध्ये त्याचे नाव बदलले. कराचीच्या वस्त्यांत झालेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात साबणाने हात धुतल्यावर लहान मुलांमधला न्यूमोनिया निम्म्याने घटला, मात्र जंतुनाशक साबण आणि साधा साबण यांत काहीही फरक पडला नाही. तो प्रयोगही एका साबण कंपनीच्याच पैशावर झाला होता. म्हणजे वडीवरच्या जंतू मारण्याच्या ज्या दाव्यासाठी आपण दोन रुपये जास्त मोजतो, त्या दाव्याचे हात धुण्याच्या फायद्याशी फारसे नाते नाही. लाइफबॉयच्या शालेय कार्यक्रमात हात धुण्याचे जे पाच प्रसंग मुलांना शिकवले जातात, त्यांत सकाळचा नाश्ता, दुपारचे जेवण, रात्रीचे जेवण आणि शौचानंतरची वेळ आहे, आणि पाचवा प्रसंग आंघोळीचा आहे. रोग रोखण्याच्या दृष्टीने आंघोळीचा साबण त्या यादीत बसत नाही; तो तिथे विक्रीसाठी बसला आहे. धाकट्या भावंडाची शी धुतल्यानंतरचे हात त्या यादीत नाहीत, आणि आमच्या गावात ते काम आठ-दहा वर्षांच्या मुलीच करत आल्या आहेत.

मी समितीच्या जागी असतो, तर याच मुद्द्यांवर भांडलो असतो. आंघोळ काढा, भावंडाची शी घाला, साधा साबणही चालतो हे पुस्तिकेत छापा, तीन आठवड्यांनी निघून न जाता वर्षाअखेर मोजणी करा, असे लिहून दिले असते. नकार देण्याला एक ठराव आणि पाच सह्या पुरतात. अटी घालायला विषय समजून घ्यावा लागतो.

माझ्या मित्राने वादात आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्याचे उदाहरण दिले आणि ते योग्य होते. तिथल्या चौदा गावांत सुपरअम्मा नावाच्या मोहिमेचा प्रयोग झाला; सात गावांत मोहीम राबवली आणि बाकीची सात तुलनेसाठी ठेवली. ती कोणत्याही ब्रँडची नव्हती, तिच्यात रोगाची भीतीही घातली नव्हती. मुलाला चांगल्या सवयी लावणारी आई आणि किळस या दोन भावनांवर ती बेतली होती. सहा महिन्यांनी मोहिमेच्या गावांत साबणाने हात धुण्याचे प्रमाण 37 टक्क्यांवर पोहोचले, बाकीच्या गावांत ते 6 टक्के होते. मित्राचे म्हणणे असे की, कंपनीशिवायही हे जमते. जमते, यात शंका नाही. पण ती पद्धत जाहिरातदारांची होती, पैसा संशोधनाचा होता, आणि गावे चौदा होती. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळा किती आहेत, याचा विचार मित्राने करावा.

ब्रँडने सवय लावली म्हणून गाव विटाळत नाही, याचा दाखला आमच्या घरातच आहे. माझी आजी मिश्री लावायची, आई राखुंडीने दात घासायची, आणि आम्हा मुलांच्या हातात पहिल्यांदा माकडछाप काळी पूड आणि नंतर ट्यूब आली. गावात आजही कोणत्याही कंपनीची ट्यूब कोलगेटच असते, जशी इथे ब्लीचची कोणतीही बाटली जिकच असते. मिश्री सोडा असे आजीला कोणत्याही सरकारी पत्रकाने सांगितल्याचे मला आठवत नाही. नातवंडांच्या तोंडाला येणाऱ्या फेसाचे तिला कौतुक वाटले आणि शेवटच्या काही वर्षांत तिची मिश्रीची डबी फळीवरच राहिली.

भिंतीवरच्या नावाचा मुद्दा तर मला मुळीच पटलेला नाही. आमच्या शाळेच्या प्रत्येक पंख्यावर कोणाचे तरी नाव आहे, बाकांवर 'सप्रेम भेट' आहे, कमानीवर माजी आमदारांचे नाव आहे. 2000-01 मध्ये आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा आमच्या गावाच्याही भिंती घोषणांनी रंगल्या होत्या. मी त्या वर्षी सुटीत एक भिंत स्वतः रंगवली होती आणि त्या कामाचा मला आजही अभिमान आहे. घोषणा दोन पावसाळे टिकल्या. त्या भिंतीखालच्या नळाला पाणी किती दिवस आले, हे मला सांगता येणार नाही, कारण 2006 मध्ये मी इकडे आलो.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी गटावर लिहायचे धैर्य झाले नाही. किबांडातल्या पिंपाचे मी जे कौतुक केले, ते पार्कलँड्ससारख्या सुखवस्तू भागात राहून केले. आमच्या इमारतीला बोरहोल आहे, टाकी कोरडी पडली तर असकारी, म्हणजे पहारेकरी, टँकर बोलावतो आणि मी मोबाईलवरच्या एम-पेसाने माझा वाटा देतो. मथारेच्या झोपडपट्टीत, माझ्या घरापासून मटाटूने अर्ध्या तासाच्या आत, बायका वीस लिटरच्या जेरीकॅनचे पाणी विकत घेतात, आणि त्या पाण्यातून हात धुण्यासाठी किती उरते हे पाहायला मी इतक्या वर्षांत एकदाही गेलेलो नाही. केनियाचे उदाहरण देताना मी मामाच्या हाकेचे दिले, त्या जेरीकॅनचे दिले नाही. पाण्याशिवाय साबण व्यर्थ आहे, आणि पाणी देणे हे कंपनीचे काम नाही, ते शासनाचेच आहे. गटावरच्या माझ्या विरोधकांपैकी एकाने नेमके हेच लिहिले होते आणि मी त्याला उत्तर देण्याचे टाळले.

माझी धाकटी बहीण 1979 च्या उन्हाळ्यात हगवणीने गेली. ती दोन वर्षांची होती. त्या वर्षी आई दीड मैलावरून पाणी आणत होती आणि घरात साबणाची लाल वडी होती. ती वडिलांच्या आंघोळीसाठी आणि पाहुण्यांसाठी कोनाड्यात ठेवलेली असे. आई राखेने हात घासायची. त्या वडीचा कार्बोलिकचा वास मला आजही कुठे आला की मी तिथून उठतो. कोणी त्या वेळी आमच्या शाळेत येऊन, स्वतःचे नाव भिंतीवर लिहून, मला सांगितले असते की ती वडी कोनाड्यातून खाली काढ आणि बाळाला भरवण्याआधी आईच्या हाताला लाव, तर मी ऐकले असते. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि बाईंनी सांगितलेले सगळे घरी जाऊन सांगत असे.

वाद थांबल्यावर, चौथ्या दिवशी, मी समितीचे अध्यक्ष असलेल्या चुलतभावाला फोन केला. अण्णा माझ्याहून सात वर्षांनी मोठे आहेत, त्यांनी न रागावता सगळे ऐकले आणि सांगितले की तीनपैकी एक नळ चालू आहे, तोही टाकी भरेल त्या दिवशी. मी हजार लिटरची टाकी आणि तीन नळ यांचे पैसे पाठवतो म्हटले. ते म्हणाले, "पाठव. नाव काय घालायचं टाकीवर?" मी एक क्षणही न घालवता आईचे नाव सांगितले, त्याखाली 'यांच्या स्मरणार्थ' असे लिहायला सांगितले, आणि अक्षरे रस्त्यावरून दिसतील एवढी मोठी हवीत असेही सांगितले. फोन ठेवल्यावर लक्षात आले की त्या कंपनीची अटही याहून वेगळी नव्हती. तरी ती मागणी मी परत घेतलेली नाही. गावात माझे घर उरलेले नाही, सातबाऱ्यावरचे नावही वाटणीत गेले. त्या भिंतीवर आईचे नाव असावे असे मला फार वाटते.

परवा अण्णांनी टाकीचा फोटो पाठवला. अक्षरे चांगली आली आहेत, नळही तिन्ही नवे आहेत. फोटो मोठा करून मी नळांच्या मधला कट्टा पाहिला. तिथे साबण दिसला नाही. अण्णांना तसे विचारले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.