तांब्या उपडा का

पाडवा जवळ आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर तोच वाद, गुढीवरचा तांब्या उपडा का. काका म्हणणार ब्रह्मध्वज, आतेभाऊ शालिवाहनावर अडून बसणार, मग कोणीतरी संभाजीराजांच्या हत्येचा मेसेज टाकणार की दोन दिवस नुसती जुंपलेली, आणि वरून कोणाचं तरी तांब्यातून येणाऱ्या लहरींचं "शास्त्रीय कारण" फॉरवर्ड. मी इथे स्वित्झर्लंडमध्ये, बाझलला बसून हसतो खरा, पण ऑफिसात कोणी गुढीचा फोटो बघून अर्थ विचारला की मीही ठोकूनच देतो काहीतरी.

इथल्या म्युझियम देर कुल्टूरेनमध्ये पापुआ न्यू गिनीच्या आबेलाम लोकांचं एक देवघर आहे, म्हणजे माझा शब्द, ते कोराम्बो म्हणतात. मान पूर्ण मागे टाकावी लागते एवढं उंच, पुढे झुकलेलं, वर सागो पामच्या आवरणांवर रंगवलेले मोठ्या डोळ्यांचे चेहरे ओळीने. बघून माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तोच, ह्याचा अर्थ काय?

मग वाचलं, तर अँथनी फोर्ज नावाचा मानववंशशास्त्रज्ञ 1958 मध्ये त्यांच्या मप्रिक भागात गेला होता, तोही हेच विचारत बसला आणि त्याला उत्तर काय मिळालं तर पूर्वज असंच करायचे. एकच आकार, पण नाव प्रत्येक वेळी सारखं नाही. चित्रामागे गोष्ट लपलेली नाही, रंगातच ताकद, असं त्याने शेवटी लिहिलं. हे लोक माणसापेक्षा लांब कंद (आपल्या कोनफळाचे भाऊबंद) पिकवतात, त्याला मुखवटा, पिसं लावून अगदी नवरदेवासारखा नटवतात, आणि एवढा घाम गाळून स्वतःचा उत्तम कंद स्वतः खात नाहीत, समोरच्या ठरलेल्या प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकतात, त्याने पुढे तोडीस तोड परत द्यायचा. पीक वाढत असताना पुरुष महिनोन्महिने ब्रह्मचर्य पाळणार, भांडणं टाळणार. (आमच्या ग्रुपला चैत्रापुरतं तरी लागू करा रे कोणीतरी.)

म्हणजे काही विचारूच नये असं मी म्हणत नाहीये. बायकांना त्या लांब कंदांच्या मळ्यात मज्जाव, आणि आपल्याकडे "आज तू हात लावू नकोस" म्हणून वहिनीला बाजूला बसवतात, हे का ते विचारा की, तिथे मात्र ग्रुपवर सगळे चिडीचूप. भांडायचं ते तांब्यावरून.

आमच्या शेजारच्या बाई फासनाख्टला, म्हणजे इथल्या कार्निव्हलला, ढोल वाजवतात. पहाटे चारला गावाच्या मध्यभागातले दिवे बंद होतात आणि काळोखात ढोल, पावे सुरू. चारलाच का, मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, चारला असतं ते. झालं, विषय संपला, आणि त्यांनी मला पिठाचं सूप प्यायला नेलं.

यंदा गॅलरीत गुढी लावताना त्यांनी पाहिलं. मी तोंड उघडून व्हिक्टरी वगैरे सुरू करणार होतो, पण म्हणलं, आई अशीच लावायची. त्यांनी मान डोलावली, साखरेच्या गाठीकडे बोट केलं आणि विचारलं, हे खायचं का?

म्हणलं, संध्याकाळी उतरवली की.

सात वाजता बेल वाजली.