बेल्ट तुटलेला असताना कॉम्प्रेशन मोजून काय कळतं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

मालक, तुमची प्रतिक्रिया रागासकट वाचली. बाकीच्यांसाठी ती थोडक्यात सांगतो. तुमची जुनी सँट्रो पुण्याहून येताना मोहोळच्या अलीकडे चालता चालता बंद पडली. टोचन लावून सोलापुरात आणली. मिस्त्रीला टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारा रबरी पट्टा, तुटलेला दिसला. त्याने प्लग काढून कॉम्प्रेशनचा गेज (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते दाखवणारा) लावला, तर दोन सिलिंडरमध्ये काटा शून्यावर. ‘व्हॉल्व्ह गेले’ म्हणत त्याने हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) उतरवलं आणि व्हॉल्व्ह खरंच वाकलेले निघाले. मी लिहिलं होतं की तुटलेल्या बेल्टवर कॉम्प्रेशन मोजू नका, आधी टायमिंग लावा. तुम्ही म्हणता हा पुस्तकी शहाणपणा आहे, यात माणसाला दोनदा मजुरी पडते. आणि वर विचारता, ४० हजार किलोमीटरला बेल्ट तुटतोच कसा?

तुमच्या मिस्त्रीचा निष्कर्ष बरोबर निघाला, यात वाद नाही. पण तो गेजमुळे बरोबर निघाला नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

बेल्ट तुटला की पिस्टनना जोडलेली क्रँक फिरते, व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट (कॅम) जागेवर थांबते. ज्या क्षणी थांबली, त्या क्षणी जे व्हॉल्व्ह उघडे होते ते उघडेच राहतात. आता हिशोब करा. एक सायकल म्हणजे क्रँकचे दोन फेरे, ७२० अंश. त्यातले साधारण सव्वाचारशे ते साडेचारशे अंश प्रत्येक सिलिंडरचा एक तरी व्हॉल्व्ह उघडा असतो, कधी इनलेटचा (हवा आत घेणारा), कधी एक्झॉस्टचा (धूर बाहेर सोडणारा). म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनात कॅम कुठेही थांबली तरी दोन-तीन सिलिंडर उघडे सापडणारच. तिथे काटा शून्यच दाखवणार, हेड कोरं करकरीत असलं तरीही! राहिलेल्या सिलिंडरचंही तेच. व्हॉल्व्ह मिटलेले, नवी हवा आत येतच नाही, मग तिथे जो आकडा दिसला त्याला अर्थ काय? तुम्हीच लिहिलंय की सेल्फ मारल्यावर इंजिन मिक्सरसारखं भुर्रकन फिरत होतं. निदान तिथेच झालं होतं. खात्रीच हवी असेल तर ऑइलचं झाकण काढून आत बघायचं आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. कॅम हलत नसेल तर बेल्ट गेला.

मग व्हॉल्व्ह वाकलेत हे मिस्त्रीला कसं कळलं? अनुभवाने. सँट्रोच्या इंजिनात पिस्टन वर आल्यावर उघड्या व्हॉल्व्हला जागा उरत नाही. चालत्या गाडीत बेल्ट तुटला की दोघांची टक्कर होते. हे ज्याला माहीत आहे त्याने सरळ हेड उतरवावं, माझी हरकत नाही. जुन्या इंडिका डिझेलसारख्या गाडीत तर मी स्वतःच ‘मोजत बसू नका’ म्हणेन. त्या जातीच्या डिझेलचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते तो आकडा, विसाच्या वर असतो, पिस्टनच्या डोक्यावर जागाच नसते.

पण सगळी पेट्रोल इंजिनं अशी नसतात. काहींत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची गाठच पडत नाही. तिथे नवा बेल्ट घातला की गाडी सुरू होते. अशा गाडीवर कुणी गेज लावून ‘दोन सिलिंडर शून्य’ म्हणाला की मालक मुकाट्याने हेडचं काम काढतो. गॅसकेट (हेडखालचं पॅकिंग), फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं), लेथवाल्याकडच्या चकरा, सगळं फुकटचं. दोनदा मजुरी म्हणता ना, ती इथे पडते.

आधी टायमिंग लावणं म्हणजे फार काही नाही. क्रँक वरच्या खुणेपासून (पहिला पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) पाव फेरा मागे घ्यायची, म्हणजे चारही पिस्टन मधोमध येतात आणि कॅम फिरवताना कशाला धडकत नाहीत. कॅम हाताने फिरतेय ना हे बघायचं. अडकत असेल तर बेल्ट तुटायचं कारणच सापडलं. कॅम तिच्या खुणेवर आणायची, मग क्रँक परत खुणेवर घेऊन बेल्ट चढवायचा आणि पान्याने क्रँकचे दोन पूर्ण फेरे हातानेच द्यायचे. मध्ये कुठे कडक लागलं तर तिथेच थांबायचं, जोर करायचा नाही. मोकळं फिरलं तर मग गेज. कव्हर आणि पुली तर आधीच उतरलेली असते, जास्तीची मेहनत ती किती?

खरं नुकसान मी दुसऱ्याच ठिकाणी होताना पाहतो. बेल्ट तुटत नाही, एक-दोन दात सरकतो. गाडी सुरू होते पण ओढ नाही, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखंच उतरलेलं. लगेच ‘रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) गेल्या, बोअर करा (सिलिंडर आतून कापून घ्या)’. चारही रिंगा ठरवून एकाच मापाने झिजतात होय? आधी खुणा तपासा. रिंगांचा संशय उरलाच तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट.

४० हजारांचं म्हणाल तर बेल्ट रबराचा आहे. कंपन्या किलोमीटरसोबत वर्षंही देतात, जे आधी भरेल ते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३च्या वर जातो, बॉनेटखाली काय होत असेल! जुळे सोलापुरात उघड्यावर उभी राहणारी, महिन्यातून एकदा अक्कलकोटला जाऊन येणारी गाडी किलोमीटरने तरुण दिसते, बेल्टने म्हातारी असते.

तुमचं हेड आता लेथवाल्याकडे आहे म्हणता. परत बसवण्याआधी पोर्टमध्ये (व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या वाटेत) थोडं पेट्रोल ओतून व्हॉल्व्हच्या कडेने झिरपतंय का, ते समोर उभं राहून बघा. व्हॉल्व्ह वाकले तेव्हा गाइडही (ज्या नळीत व्हॉल्व्ह सरकतो ती) दुखावले असतील, तेही तपासायला सांगा. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि कॅमचं ऑइल सील नवं टाका. आणि तुटलेला बेल्ट मिस्त्रीकडून मागून घ्या. तेलाने भिजलाय, दात सोलून निघालेत की आडवा फाटलाय, तेवढं मला कळवा.