नेहमीसारखं म्हणजे कसं?

गुढीपाडव्याला ठरवलं होतं, सासूबाईंच्या वहीतले सगळे 74 पदार्थ वर्षभरात एकदा तरी करायचे. नवरात्र आलं, 31 झालेत, आणि आज माझं डोकं फिरलंय.

खापरोळी, म्हणजे नारळाच्या गोड रसात बुडवून खायची घावनासारखी जाड पोळी, तिसऱ्यांदा बिघडली. तीन नारळ खवून, वाटून, पिळून रस तयार ठेवला होता, गूळ-वेलची घालून. आणि खापरोळी? पहिल्या दोन वेळा चामड्यासारखी वातड, आज मेथीने कडूजहर. वहीत काय लिहिलंय बघा: "तांदूळ, उडीद डाळ, पोहे, मेथी अंदाजाने. पीठ नेहमीसारखं भिजवावं." नेहमीसारखं म्हणजे कसं? जिला नेहमीचं ठाऊक आहे तिला वही कशाला लागेल! शिरवाळ्यांच्या, म्हणजे तांदळाच्या शेवयांच्या, पानावर तर "चार आण्यांची वेलची". कुठल्या सालातले चार आणे?

वेंगुर्ल्याच्या काकींना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगो, माप कित्याक होया? हाताक कळता." कुणाच्या हाताला? मी मुंबईत वाढले, माझ्या हाताला नाही कळत. व्हिडिओ बघावेत तर तिथेही "मीठ चवीनुसार, पाणी लागेल तसं".

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? याच घराच्या माळ्यावर भात मोजायची लाकडी मापं पडून आहेत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. खळ्यावर एका चिपट्याचा फरक पडला तर भांडणं व्हायची म्हणे. पुरुषांच्या व्यवहाराला एवढं काटेकोर माप, आणि चुलीपुढे जन्म घालवणाऱ्या बाईच्या कामाला "अंदाज"! तिला जे येत होतं ते मोजून लिहिण्यासारखं आहे, असं या घरात कुणाला वाटलंच नाही. तिला स्वतःलासुद्धा नाही.

सासूबाई होत्या तेव्हा मी विचारलं होतं. "पुढच्या खेपेला आलीस की समोर करून दाखवते," म्हणाल्या. ती खेप आलीच नाही. पीठ किती सैल ठेवायचं ते त्यांच्याबरोबर गेलं. आता घरातले सगळे जेवताना सांगतात, "आईची चव नाही आली." कशी येईल? त्यांच्यापैकी एक जण तरी कधी वाटी घेऊन तिच्या शेजारी उभा राहिला का?

मी आता वहीत पेन्सिलीने माप लिहायला लागलेय. बांगड्याच्या तिखल्यापुढे लिहिलंय: मध्यम बांगडे 4, तिरफळं 8, बिया काढून. खापरोळीपुढे: मेथी 2 चमचे, कडू झाली, पुढच्या वेळी अर्धा. काकींकडे दिवाळीत जाणार आहे, वजनकाटा घेऊन. त्या तांदळाची मूठ भरतील ती आधी काट्यावर ठेवायला लावणार, मग भांड्यात. चिडल्या तर चिडू देत.