'ओके सर' आणि रील

सरकारी बाबूंचे मोबाईल दारातच जमा करून घ्या, मग बघा कामं कशी भराभर होतात! ही पोस्ट अधूनमधून फिरत असते आणि खाली टाळ्यांचा पाऊस पडतो. मी महसूलमध्ये उभी हयात काढली. आता निवृत्त आहे, वर्तणूक नियमांचा धाक उरलेला नाही, म्हणून लिहितो.

समोर म्हातारी बाई निराधारचे पैसे का जमा झाले नाहीत म्हणून विचारतेय आणि साहेब मान खाली घालून रील बघताहेत, हे चित्र खोटं नाही. त्या माणसाची वकिली मी करणार नाही. पण फोन काढून घेतला तर कार्यालय चालणार कशावर? जुलै 2021 मध्ये सामान्य प्रशासन विभागानं परिपत्रक काढलं होतं, की कार्यालयीन कामाला प्राधान्यानं लँडलाइन वापरा. (आमची लँडलाइन तेव्हा कपाटावर धूळ खात होती.) जुलै 2025 च्या परिपत्रकात तर कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सअ‍ॅप वापरायला रीतसर मुभाच दिली.

त्या समन्वयाचा नमुना सांगतो. रात्री जेवून हात धुताना ग्रुपवर पीडीएफ पडते. 'अति तात्काळ. सकाळी व्हीसीपूर्वी (म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सपूर्वी) माहिती सादर करावी. निरंक असल्यास निरंक कळवावे.' मग 'ओके सर', 'येस सर', हात जोडलेले इमोजी. सकाळी या रांगेत मूळ नमुना शोधायला वर-वर सरकवत बसायचं. माहिती चुकली तर कुणी विचारत नाही, उशीर झाला तर मात्र खुलासा. पाहणीला गेलात की नाही हे फोटोवर ठरतं, तिथं काय पाहिलं हे विचारायला कुणाला सवड नसते. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईलच परत केले, ते काही उगाच नव्हे; फोन निकृष्ट आणि माहिती भरायचं अ‍ॅप इंग्रजीत, अशी त्यांची तक्रार होती.

आमच्याकडे एक कारकून होता. एका विधवेचा जुना फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाची नोंद) सापडत नव्हता, म्हणून या गड्यानं अभिलेख कक्षात जुन्या कागदांचे बांधलेले रुमाल सोडून सोडून, नाकाला उपरणं बांधून तो शोधून काढला. बाईंची वारसनोंद मार्गी लागली. त्याच दिवशी कुठल्याशा दिनाचा फोटो ग्रुपवर टाकायचा राहिला म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर त्याला झापलं. फेरफाराबद्दल अक्षर नाही. पुढं तो फोटो वेळेवर टाकू लागला आणि उरलेल्या वेळात रील बघू लागला. त्याचा गोपनीय अहवाल काही बिघडला नाही. आश्वासित प्रगतीचा लाभ, म्हणजे बढती नसली तरी मिळणारी वरची वेतनश्रेणी, 10, 20, 30 वर्षांनी त्याच्यासारखाच शेजारच्या टेबलावरच्या ढिम्म माणसालाही मिळतो. मग रुमाल कशाला झटकायचे?

2025 चं परिपत्रक म्हणतं, यशस्वी कामाबद्दल लिहा, पण आत्मस्तुती नको. कबूल. मग स्तुती वरिष्ठांनी करावी की! ग्रुपवर कारणे दाखवाची धमकी देता येते, तर 'अमुक यांनी जुनं प्रकरण निकाली काढलं' एवढी एक ओळही टाकता येईल. आणि साडेसहानंतर, पूर-आपत्ती सोडून, ग्रुपवर एकही 'तात्काळ' नको. एवढं एखाद्या तालुक्यात वर्षभर करून पाहा, मोबाईल जमा करायची पेटी त्यानंतर मागवा.