डीसी रोधाचा आकडा पुरेसा नाही
स्विचिंग कन्व्हर्टरसाठी इंडक्टर (गाभ्याभोवती गुंडाळलेली तार) निवडण्यावरील लेखात म्हटले आहे की, संपृक्ततेचा प्रवाह (ज्यापुढे गाभा चुंबकीयदृष्ट्या भरून इंडक्टन्स घटतो) आणि डीसी रोध (स्थिर प्रवाहाला होणारा तारेचा रोध) हे दोन आकडे जुळले की निवड झाली. काहीशे किलोहर्ट्झच्या स्विचिंग वारंवारतेपर्यंत हे बहुधा निभावते, मात्र मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हाच सल्ला अंगाशी येतो. आमच्या 12 व्होल्टवरून 5 व्होल्ट करणाऱ्या बक कन्व्हर्टरमध्ये (व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटमध्ये) जागा वाचवण्यासाठी वारंवारता 500 किलोहर्ट्झवरून 2 मेगाहर्ट्झवर नेली आणि 10 ऐवजी 2.2 मायक्रोहेन्रीचा, कमी डीसी रोधाचा इंडक्टर बसवला. प्रवाहातील रिपल (प्रत्येक स्विचिंगगणिक होणारा चढउतार) 0.58 अँपिअरवरून जेमतेम 0.66 वर गेला, त्यामुळे कागदावर सारे ठीक होते. परंतु फोर्स्ड पीडब्ल्यूएम पद्धतीत (भार कमी झाला तरी स्विचिंग ठरल्या वारंवारतेने चालूच राहते) भार जवळजवळ शून्य असतानाही इंडक्टर चटका बसेल इतका तापत होता. रिपल भारावर अवलंबून नसल्यामुळे गाभ्यातील ऊर्जाक्षय भार काढला तरी चालूच राहतो, आणि 2 मेगाहर्ट्झला तांब्यातील स्किन डेप्थ (बदलता प्रवाह पृष्ठभागापासून जेवढ्या खोलीत मुख्यतः वाहतो ती) 0.05 मिलिमीटरहूनही कमी असल्याने रिपलपुरता तारेचा रोध डेटाशीटमधील डीसी आकड्याच्या कितीतरी पट होतो.

संपृक्ततेचा आकडाही डोळे झाकून घेऊ नये. कोणी उत्पादक इंडक्टन्स 20 टक्के घटल्यावरचा प्रवाह छापतो, कोणी 30 टक्क्यांवरचा. शिवाय लोहचूर्णाच्या गाभ्यात ही घट हळूहळू होते, तर फेराइटमध्ये ती एकाएकी होते आणि तापमान वाढले की आणखी लवकर होते, त्यामुळे 25 अंशांच्या आकड्यावर फेराइट निवडणे मला धोक्याचे वाटते.