नेडीनला गाळून ट्विन पीक्स बघणाऱ्यांसाठी

सकाळी उठून चहा पण घेतला नव्हता आणि ग्रुपवर एक तक्ता येऊन पडला. आमच्याच कॉलेजचे एक दादा, बेळगाव सोडून पुण्याला आयटीत गेले आणि तिकडं जाऊन सगळ्यातले जाणकार झाले, त्यांनी नवीन पोरांसाठी बनवलाय म्हणे. 'ट्विन पीक्स कसं बघावं', ती जुनी अमेरिकन सिरीयल. हिरवे एपिसोड बघा, पिवळे वेळ असला तर बघा, लाल सरळ सोडून द्या. दुसऱ्या सीझनचा मधला पट्टाच्या पट्टा लाल, नेडीन नावाच्या बाईची गोष्ट पण त्यातच. खाली लिहिलंय, वेळ वाचवा. आणि त्याच्याखाली पंधरा-वीस जणांचे अंगठे, त्यात अर्ध्या लोकांनी सिरीयल बघितलेली पण नाही हे मला पक्कं ठाऊक आहे.

वेळ वाचवून करणार काय तुम्ही? रील्सच बघणार की.

ज्यांनी बघितलं नाही आणि बघायचं आहे त्यांनी इथंच थांबा, पुढं मी सगळं फोडणार आहे, नंतर येऊन माझ्या नावानं बोंब मारायची नाही.

तर ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी. ८ एप्रिल १९९० ला अमेरिकेत एबीसी चॅनलवर हे सुरू झालं. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट या दोघांचं डोकं. वॉशिंग्टन राज्यातलं लाकूडकटाईवर जगणारं डोंगरातलं गाव, पाण्याकाठी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली लॉरा पामर नावाची हायस्कूलमधली पोरगी मेलेली सापडते, आणि एफबीआयचा एजंट कूपर गावात येतो. बस्स, एवढीच सुरुवात. पहिला सीझन आठच एपिसोडचा, दुसरा बावीसचा, आणि १० जून १९९१ ला दुकान बंद. मधे ९२ ला एक पिक्चर, आणि मग एकदम २०१७ ला अठरा भाग, सगळेच्या सगळे लिंचनं स्वतः केलेले.

मी हे पहिल्यांदा बघितलं ते माहेरी, जांबोटी रोडला, पावसाळ्यात. तिकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. कणकुंबीकडनं ढग खाली उतरले की दुपारी चारला घरात दिवे लावावे लागतात आणि दिवे लावायला लाईट असावी लागते. मित्राकडनं हार्डडिस्क आणली होती, लॅपटॉप स्टुलावर ठेवून मी एकटीच बघत बसले होते, आई आत भाकऱ्या थापत होती. पायलटमध्ये, म्हणजे पहिल्याच एपिसोडमध्ये, तो सीन आहे बघा, लॉराची आई फोनवर नवऱ्याशी बोलतेय, पोरगी घरात नाही म्हणून, आणि तेवढ्यात तिकडं हॉटेलात नवऱ्यासमोर शेरीफ येऊन उभा राहतो. कुणी काही सांगत नाही. नवऱ्याच्या हातातनं रिसीव्हर सुटतो, कॅमेरा त्या फोनच्या वायरीवरनं सावकाश खाली खाली येतो, आणि लोंबकळणाऱ्या रिसीव्हरमधनं त्या बाईचं ओरडणं ऐकू येतं. आई तांदळाच्या पिठानं भरलेले हात तसेच घेऊन बाहेर आली. तिला इंग्लिश येत नाही. तिनं विचारलं, "कुणाचं गेलं गं?"

पोरगी, म्हटलं.

"थांब की मग, मी बसतो जरा." (आमच्याकडं बायका पण बसतो-येतो असंच म्हणतात, पुण्याच्या लोकांनी हसू नये.) आणि ती जी बसली ती शेवटच्या एपिसोडपर्यंत बसली. मी मराठीत सांगत होते, ती मधेमधे मलाच गप म्हणत होती.

आता ग्रुपमधली भांडणं तुम्हाला माहीतच आहेत. एक पार्टी म्हणते लिंचनं केलेलं तेवढंच खरं, जुन्या तीसमधले सहा, बाकी सगळं पाणी घातलेलं. दुसरी म्हणते खुनी कोण ते कळलं तिथं विषय संपला. ते तर ऐतिहासिक सत्यच आहे म्हणा, लिंचला खुनी दाखवायचाच नव्हता, चॅनलवाल्यांनी मागं लागून लागून ते उघड करायला लावलं, १० नोव्हेंबर १९९० चा एपिसोड. त्याच्या आधीच सिरीयल शनिवारी रात्री नेऊन टाकलेली, म्हणजे ज्या तरुण पोरांना बघायचं ती त्या वेळेला घराबाहेर. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि मग म्हणायचं प्रेक्षक पळाले. हे आपल्याकडं होत नाही असं कुणी म्हणू नये, टीआरपीसाठी चांगल्या मालिकेची माती झालेली आपण सगळ्यांनी घरात बसून बघितली आहे.

आणि हो, आहे, मधला पट्टा ढिला आहे. लॉराचा चोरून केलेला मित्र जेम्स मोटरसायकल घेऊन गाव सोडून जातो आणि त्या श्रीमंत बाईच्या गाड्या दुरुस्त करत बसतो तो ट्रॅक मी पण मोबाईल बघत बघतच काढला. गावातला हॉटेलमालक बेन हॉर्न डोक्यावर परिणाम होऊन अमेरिकन यादवी युद्धाचा जनरल होऊन बसतो, ते कुणाला सुचलं देव जाणे. झालं समाधान? म्हटलं मी.

पण नेडीन लाल?

एका डोळ्यावर पट्टी असलेली नेडीन, एडची बायको, जिचा डोळाच हनीमूनला नवऱ्याच्या बंदुकीनं गेलाय, जिला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे आहे की पडदे सरकवताना आवाज यायला नको, ती? दादा, तुम्ही तिला लाल केलं? सेकंड सीझनमध्ये ती कोमातनं उठते आणि स्वतःला अठरा वर्षांची समजायला लागते, अंगात हत्तीचं बळ, शाळेत जाऊन कुस्तीच्या टीममध्ये घुसते, पोरांना उचलून फेकते. वेड्यासारखं आहे, मान्य. अख्ख्या इंटरनेटवर लोक म्हणतात की हा ट्रॅक काढून टाकला तर सिरीयल दहापट चांगली होईल.

आमच्या आईची ती सगळ्यात आवडती. लॉरा नाही, कूपर नाही, ओंडका घेऊन फिरणारी ती बाई पण नाही (तिला ती म्हणायची, "तिचं तिला कळतंय, तुम्ही सोडा तिला"). नेडीन. पोराला उचलून आपटलं की आई तोंडाला पदर लावून हसायची आणि मग एकदम गप्प व्हायची. एकदा म्हणाली, "येडी नव्हं ती. नवऱ्याचं मन दुसरीकडं हाय हे तिला पयल्यापासनं ठावं हाय. ठावं असून संसार करायचा म्हंजे डोस्कं कुठंतर ठेवायला लागतंय की." हे तिनं कुणाकडं बघून म्हटलं ते मला माहीत आहे, इथं लिहिणार नाही.

म्हणजे बघा. मी बघत होते भुताची सिरीयल. खोलीच्या कोपऱ्यात पलंगाआड वाकून बसलेला लांब केसांचा बॉब, लाल पडद्यांची खोली, उलटं बोलणारा बुटका माणूस. त्या खोलीतले संवाद नटांकडनं आधी उलटे पाठ करून घेतलेत आणि मग फिल्म उलटी फिरवली आहे, म्हणून ते सुलट ऐकू येतं पण अंगावर काटा येतो. बॉबचं तर काय सांगायचं, तो फ्रँक सिल्वा मूळचा सेटवर सामान लावणारा माणूस, एका शॉटमध्ये चुकून आरशात दिसला आणि लिंचनं त्यालाच भूत केलं. हे सगळं मी आईला रंगवून सांगितलं. तिला काहीच वाटलं नाही. भूत आरशात नाही तर कुठं दिसणार, म्हणाली.

आणि ते इलेक्ट्रिसिटीचं, तारेच्या खांबातनं सैतान प्रवास करतो वगैरे, ते आमच्या तालुक्यात कुणाला पटायचं? जून ते सप्टेंबर सैतान पण कुठल्यातरी डीपीत अडकून पडेल.

पण ज्या एपिसोडला खुनी कळतो ना, लॉराचा बाप लेलँड हॉलमध्ये, ग्रामोफोनची तबकडी संपून सुई नुसती खरखरत फिरतेय, आणि तो मॅडीला, स्वतःच्या भाचीला... तिथं आईनं हात पुढं करून लॅपटॉपचं झाकण खाली ओढलं. भूत बघून नाही. घर बघून. सोफा, जिना, भिंतीवरचे फोटो, सगळं रोजचं. त्या रात्री ती एकच वाक्य बोलली, "असं असतंय." मी पुढं काही विचारलं नाही.

म्हणून मला राग येतो हो. मालिका ही मालिका असते, त्यातली माणसं आठवड्याला एकदा घरी येऊन बसतात, कधी रंगतात कधी कंटाळा आणतात. पावणेदोनशे मैल दूर राहणाऱ्या आत्याच्या सगळ्याच गोष्टी काय रंगतदार असतात? तरी ती गेल्यावर रडू येतं ते त्या कंटाळवाण्या गोष्टींमुळंच येतं. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ ला झी मराठीवर लागायचं तेव्हा बेळगावात काय वातावरण होतं आठवतंय का? अर्ध्या लोकांचे पाव्हणे सावंतवाडी-कुडाळला, जो तो म्हणायचा आमच्या काकांचं घर डिट्टो असंच आहे. मधे किती ताणलं ते. पुढच्या सीझनला तर सुरुवातीलाच मेलेल्या अण्णांची आधीची गोष्ट सांगितली आणि लोकांनी ती पण डोक्यावर घेतली. तेव्हा कुणी रंगीत तक्ता काढला होता? आजी जागी राहून बघायची, कंटाळा आला की डुलकी काढायची, जाहिरातीला उठायची. इंग्लिश काहीतरी बघायला लागलं की मात्र आपण एकदम परीक्षक होतो, मार्क द्यायला लागतो.

बरं, त्या लाल पट्ट्यात डायन कीटननं दिग्दर्शित केलेला एपिसोड पण आहे, 'ॲनी हॉल' पिक्चरमधली नटी डायन कीटन. बघितलाय का तो? नाही. तक्त्यात लाल आहे ना.

आता मुद्द्यावर येते. २०१७. तो सीझन तुमच्या तक्त्यात वरनं खालपर्यंत हिरवागार, कारण आता त्याला महान म्हणायची फॅशन आहे. मला पण आवडतो, प्रश्नच नाही. आठवा भाग, १९४५ च्या न्यू मेक्सिकोतल्या त्या पहिल्या अणुचाचणीच्या ढगाच्या आत कॅमेरा घुसतो आणि मागं पेंडेरेत्स्कीचं ते किंचाळणारं संगीत, टीव्हीवर असं काही लागू शकतं हे मला आजही खरं वाटत नाही. पण त्या सीझनमध्ये पण एक माणूस दोन मिनिटांच्या वर नुसती फरशी झाडतोय हो! कूपरला शुद्धीवर यायला सोळावा भाग उजाडतो! तो कंटाळा चालतो तुम्हाला, कारण तो लिंचनं दिलेला कंटाळा आहे. १९९१ चा कंटाळा मात्र लाल.

आणि मग पंधरावा भाग. नेडीन म्हातारी झाली आहे, तिनं आवाज न करणाऱ्या पडद्यांचं दुकान टाकलंय (आई टाळी वाजवून म्हणाली, "टाकलं गं बाईनं दुकान!"). ती खांद्यावर सोनेरी फावडं घेऊन रस्त्यानं चालत चालत एडच्या पेट्रोल पंपावर येते आणि त्याला सांगते, मी बदलले, तू जा, नॉर्माकडं जा, तू मोकळा आहेस. (नॉर्मा म्हणजे एडचं जुनं प्रेम, त्याचं मन जिच्याकडं होतं ती.) एड गाडी काढतो, नॉर्माच्या हॉटेलात जाऊन बसतो, आधी तिथं पण गडबडच होते, तो डोळे मिटून घेतो, आणि मग मागनं त्याच्या खांद्यावर तिचा हात येतो. ग्रुपमधले सगळे या सीनवर रडलेत, तक्तेवाले दादा पण रडलेत, त्यांनीच तेव्हा स्टेटस ठेवलं होतं.

कशावर रडलात दादा? नेडीनला तर तुम्ही लाल केलंय. तुमच्या तक्त्यानं बघणाऱ्या पोराला ही फावडंवाली बाई कोण हेच धड कळणार नाही. तिनं एकदा सगळं विसरून अठरा वर्षांची होऊन पळून बघितलं, एड-नॉर्माला वाटलं आता सुटलो, आणि नेमका सीझनच्या शेवटाला तिच्या डोक्यावर मार बसून तिला सगळं परत आठवलं आणि उठल्या उठल्या तिनं पडद्याच्या पट्ट्या कुठायत म्हणून विचारलं. एडचा त्या वेळचा चेहरा ज्यानं बघितला नाही त्याला त्या मोकळीकीची किंमत काय कळणार. आई तेवढ्यावर म्हणाली होती, "पंचवीस वरसं लागली बाईला." तिनं पंचवीस वर्षं बघितली होती म्हणून म्हणाली. तीन मिनिटांची क्लिप बघून नाही.

नॉर्माचं काम करणारी पेगी लिप्टन २०१९ ला गेली. ओंडकावाली कॅथरीन कूल्सन तर स्वतः मरणाच्या दारात असताना ते शेवटचे सीन करून २०१५ ला गेली, फोनवर "मी मरतेय" सांगणारी ती बाई खरोखरच मरत होती. लिंच पण गेला, २०२५ च्या जानेवारीत. आता नवीन काही येणार नाही. जेवढं आहे तेवढंच आहे, बरं वाईट सगळं धरून, आणि त्यातलं पण आपण गाळायला निघालो.

थोडं जास्त बोलले असेन. दादा मनानं चांगले आहेत, लॉकडाऊनमध्ये अर्ध्या ग्रुपला त्यांनीच हे बघायला लावलं, नाहीतर इथं कुणाला पडलेलं नव्हतं. आणि नोकरी, पोरंबाळं, प्रवास यातनं तीस एपिसोड काढणं सोपं नाही हे पण कळतंय मला. तर तडजोड सांगते: जेम्स लाल करा. हवं तर जनरल बेन हॉर्न पण घ्या, दिला. नेडीन हिरवी झाली पाहिजे, आजच्या आज, आणि तक्ता सुधारून परत ग्रुपवर टाका, जुना डिलीट फॉर एव्हरीवन.

ज्यांना आठव्या भागावरनं भांडायचं आहे त्यांनी खाली कमेंटमध्येच या. इनबॉक्समध्ये येऊ नका, तिथं येऊन सगळे माझ्याशी सहमत असतात आणि ग्रुपवर जाऊन अंगठा दादांना देतात.